साडेसहा बाय तीन

"मग सांगा ना तुम्ही! जीभ काय गहाण टाकलीय?" बायको म्हणाली. "खोटं बोलताना मला विचारलं होतंत? मग खरं बोलायला मला का पुढे ढकलता?"

"जरा हळू बोल."

"कशाला हळू? त्या काय घरात आहेत? गादी आणायला गेल्यात, गादी! येतील एवढ्यात आणि विचारतील, छोट्या, कॉट कुठल्या भिंतीला लावायची रे? तेव्हा काय सांगणार? छताला?"

छोट्या म्हणजे तिचा नवरा. पन्नाशी उलटली होती, डोक्यावर केस नावापुरते उरले होते, पण मोठ्या बहिणीच्या लेखी तो अजून छोट्याच होता. आणि या मोठ्या बहिणीने, घरातल्या ताईने, जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी एक वस्तू विकत आणली होती. लोखंडी कॉट. आदल्या संध्याकाळी दुकानाच्या माणसांनी ती आणून टाकली, तेव्हापासून मधल्या खोलीत ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट एका कुशीवर उभी होती. भाड्याची जागा ती केवढी! येता-जाता कोणाचा ना कोणाचा गुडघा तिच्यावर आपटत होता आणि जो तो कळवळून त्याच्याकडे बघत होता, जणू कॉट त्यानेच आडवी घातली होती.

"बाबा, तिरकी टाकली तर?" मुलगा म्हणाला. तो नुकताच नोकरीला लागला होता आणि त्यामुळे प्रत्येक अडचणीवर आपल्याकडे तोडगा आहे असं त्याला वाटत असे.

"तिरकीही जात नाही."

"पाय कापले तर?"

"कॉटचे की आत्याचे?" मुलगी आतून ओरडली.

नव्या घरातली ती खोली बापाला पाठ होती, पाच बाय सहा फूट. कॉट साडेसहा बाय तीन. तिरकी, उभी, आडवी, दार बाहेर उघडून, दार काढून टाकून, सगळं त्याने कागदावर करून पाहिलं होतं. मापाच्या बाबतीत त्याला कोणी काही शिकवावं अशी वेळ आजवर आली नव्हती. तीस वर्षं तो घरबांधणीच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. साहेब तोंडाने घर सांगायचे, तो ते कागदावर उतरवायचा. ऑफिसात त्याला 'अर्धा इंच' म्हणत. कॉम्प्युटर आले, नवी पोरं आली, भराभर रेषा ओढू लागली. पण कागद छापायला जाण्याआधी साहेब हमखास म्हणत, एकदा अर्ध्या इंचाच्या नजरेखालून घाला. गावातल्या कितीतरी घरांत लोक जिथे झोपत होते, जिथे भांडी घासत होते, ती जागा त्याने नेमून दिलेली होती. रस्त्याने जाताना तो बायकोला सांगे, "या घराच्या जिन्याला वळण आहे ना, ते मी दिलंय." बायको म्हणे, "आपल्या घराला कधी देताय?"

आता ते घर होणार होतं. लहानसाच प्लॉट, पण स्वतःचा.

त्याची नकाशा करण्याची एक रीत होती आणि ऑफिसात ती त्याच्याच नावाने ओळखली जायची. आधी फर्निचर, मग भिंती. लोक खोल्या मागतात, तो म्हणायचा, पण राहतात फर्निचरच्या मध्ये उरलेल्या जागेत. म्हणून घरात काय काय आहे आणि काय काय येणार आहे ते आधी मोजायचं, प्रत्येकाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापायचा, ते तुकडे कागदावर सरकवत बसायचं आणि सगळं नीट बसलं की मगच त्यांच्याभोवती भिंत ओढायची.

स्वतःच्या घरासाठीही त्याने तेच केलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे पसरायचे आणि सगळं घर गोळा व्हायचं. नवरा-बायकोचा पलंग, मुलाचा पलंग, मुलीचं अभ्यासाचं टेबल, दोन कपाटं, फ्रिज, सोफा. वॉशिंग मशीनचा तुकडा होता. स्कूटरचासुद्धा होता. मापं तो सांगायचा आणि पुठ्ठे कापून द्यायची ताई. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिची सारी उमर गेलेली, कात्री तिच्या हातात अशी चालायची की कडा पट्टीने ओढल्यासारख्या यायच्या. "हे घे तुझं कपाट," ती भाचीला म्हणायची. "जरा जाड झालंय, तुझ्यासारखं." सगळे हसायचे. ती चहा करायची, पुन्हा बसायची, तुकडे खाली पडले की वाकून उचलायची.

आणि तिचा स्वतःचा तुकडा नव्हता. कसा असणार? लग्न होऊन वर्षाच्या आत ती माहेरी परत आली होती, एका बॅगेनिशी. का आलीस हे तेव्हा आईने विचारलं असेल तेवढंच; पुढे कोणी विषय काढला नाही. आईनंतर ती भावाकडे राहिली. त्याच्या दोन्ही मुलांना तिने अंगाखांद्यावर वाढवलं. रात्री ती मधल्या खोलीत अंथरूण घालायची आणि सकाळी कोणी उठायच्या आत ते गुंडाळून कपाटावर ठेवायची. तिचे कपडे भाचीच्या कपाटाच्या खालच्या खणात. दिवसा घरात फिरलं तर ती तिथे राहते याची एकही खूण सापडली नसती. मोजायला तिचं काही नव्हतंच. जे मोजलं नाही ते कागदावर आलं नाही.

विसरला, असंही नाही म्हणता येणार. विसरायला आधी आठवण असावी लागते. ती त्याच्या शेजारी बसून कात्री चालवत होती आणि तिला कुठेतरी झोपायचं असतं हा विचार त्याच्या डोक्याला शिवला नाही. मुलांच्या नाही, बायकोच्याही नाही. पण बायको आता म्हणत होती तेही खोटं नव्हतं.

"मीही विसरले, मान्य आहे," ती म्हणाली. "मला लाज वाटते, तेही मान्य आहे. पण मी नकाशे काढत नाही आणि मी त्यांना सामानाची खोली दाखवून ही तुझी असं सांगितलं नाही. ते तुम्ही केलंत."

ते त्याने केलं होतं.

आखणीच्या दिवशी सगळे हौसेने प्लॉटवर गेले होते. कामगारांनी दोऱ्या लावून चुन्याच्या फक्कीने पांढऱ्या रेघा मारल्या आणि मातीवर अख्खं घर उमटलं. हॉल, स्वयंपाकघर, तीन झोपायच्या खोल्या, जिन्याच्या बाजूला सामानाची खोली. मुलगी मोबाइल घेऊन वाळूच्या ढिगावर चढली. "सगळे आपापल्या खोलीत उभे राहा! फोटो काढते!" मुलगा आपल्या चौकोनात हात पसरून उभा राहिला. बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून हवेतल्या पातेल्यात काहीतरी ढवळलं. तो हॉलमध्ये उभा राहिला, हात मागे बांधून, साहेबांसारखा. हॉल हा त्याचा जीव होता: पंधरा बाय बारा, रस्त्याच्या बाजूला एवढी मोठी खिडकी. लोकांना त्याने नेहमी असे हॉल काढून दिले होते आणि स्वतः जन्मभर पाहुण्यांना पलंगावर बसवलं होतं.

"आत्या, तू पण जा ना तुझ्या खोलीत!"

ताई जिन्याच्या रेघेबाहेर उभी होती. सगळ्यांच्या पिशव्या आणि पाण्याची बाटली तिच्या हातात. तिने या चौकोनाकडे बघितलं, त्या चौकोनाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी कुठे रे, छोट्या?" हसतच विचारलं तिने.

त्या एका क्षणात त्याला सगळं घर दिसलं. त्यात ती नव्हती. आणि तोंडातून शब्द आपोआप आले, जसे काही कोणी दुसराच बोलत होता. "ती काय, जिन्याच्या बाजूची. ती तुझी."

बायकोचा ढवळणारा हात थांबला. त्या खोलीतल्या फळ्या तिने कधीच्या मनात मांडल्या होत्या, कुठल्या डब्यात काय भरायचं त्यासकट.

बाकी सगळे रेघा ओलांडून खोल्यांत शिरले होते. ताईने पिशव्या खाली ठेवल्या, वळसा घातला, दारासाठी रेघ जिथे मोडली होती तिथून आत गेली आणि उभी राहिली. फोटो निघाला. त्यात ती ओठ मिटून, पदर सावरून, अगदी ताठ उभी आहे.

त्यानंतरचे दिवस त्याने चोरासारखे काढले. ती कारखान्यातून आली की तो पेपर तोंडासमोर धरायचा. ती विचारायची, "खिडकी कुठल्या अंगाला आहे रे माझी?" तो म्हणायचा, "वर आहे." होतीच की, वर एक झरोका होता, मांजर जाईल एवढा. "दार कुठून?" "जिन्याकडून." तेही खरं. एकही उत्तर खोटं नव्हतं, आणि प्रत्येक उत्तर दिल्यावर त्याला तोंड धुवावंसं वाटायचं. रोज ठरवायचा, आज सांगायचं. रोज काहीतरी आड यायचं, म्हणजे तोच आड यायचा. ऑफिसात त्याने गुपचूप नकाशा पुन्हा काढून पाहिला. सामानाच्या खोलीच्या एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला संडासाचे पाइप, मागे नियमाने सोडायची मोकळी जागा. ती खोली कुठूनही फुगत नव्हती. पालिकेचा शिक्का बसला होता आणि उद्या सकाळी खोदाईवाले येणार होते.

आणि आता कॉट आली होती.

"मी माझी खोली देते," मुलगी दारात येऊन म्हणाली. "म्हणजे, शेअर करते. पण माझा अभ्यास असतो, दिवा चालू राहणार. आणि आत्या घोरते."

"ती घोरत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे तिच्या खोलीत झोपता?"

"माझीही घ्या," मुलगा म्हणाला. "पण उद्या लग्न ठरलं तर? मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, खोली वेगळी आहे का."

"आधी कोणी मुलगी तुझ्याकडे बघू तर दे," त्याची बहीण म्हणाली.

"गप्प बसा दोघं!" बायको म्हणाली. मग आवाज खाली आणून नवऱ्याला म्हणाली, "आपली देऊ या?"

तो पटकन "हो" म्हणाला नाही. एवढासा वेळ गेला. आपल्या खोलीला लागून आपलंच बाथरूम असणार होतं. लहानपणापासून चाळीच्या रांगेत बादली घेऊन उभं राहिलेला माणूस तो. त्या एवढ्याशा वेळात बायकोने त्याच्याकडे जे बघितलं, ते त्याला कॉटपेक्षाही जड वाटलं.

"नाहीतर मग हॉलमध्ये दिवाण टाकू," तीच म्हणाली, थकून. "दिवसा पाहुणे बसतील, रात्री ताई झोपतील."

"म्हणजे आत्ता झोपते तसंच," तो म्हणाला.

"हो. तसंच. मग काय करू? मी देव आहे?"

देतो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे एक पण उभा होता, आणि सर्वांत मोठा पण त्याचा होता, कारण तो त्याने उच्चारलाही नव्हता. ज्या बाईने त्याचं नाक पुसलं, शाळेत बोट धरून नेलं, तिच्यासाठी साडेसहा बाय तीनची जागा काढायला या घराला इतका घाम फुटत होता. एखाद्या परक्या गिऱ्हाइकाने असा नकाशा मागितला असता तर तो मनात म्हणाला असता, काय माणसं आहेत!

खाली रिक्षा थांबली. ताईचा आवाज आला, "अहो, तिरकी काढा, तिरकी! फाटेल ती!" मग जिन्यावर धापा, आणि गुंडाळलेली गादी घेऊन रिक्षावाला, मागून ताई.

"ठेवा इथेच. सावकाश जा हो." ती खुर्चीत बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. "कापूस चांगला आहे. मी शिवण उसवून बघितला जरा. तो दुकानदार म्हणतो, बाई, असं कोणी गिऱ्हाईक करत नाही. मी म्हटलं, मी करते." मग तिने सगळ्यांकडे बघितलं. "काय झालं? कोणी गेलं का?"

"मी चहा ठेवते," बायको म्हणाली, पण जागची हलली नाही.

त्याने घसा खाकरला. मनात त्याने वाक्य तयार करून ठेवलं होतं. आपली एकुलती एक इभ्रत त्यात खर्ची पडणार होती, पण निदान दुसरं काही उघडं पडणार नव्हतं.

"ताई, एक घोळ झालाय. माझं माप चुकलं. तुझी खोली जरा लहान निघाली. कॉट बसायची नाही."

मुलीने ताईला पाणी आणून दिलं होतं. ताई पेला तोंडाला लावता लावता थांबली.

"तुझं माप चुकलं?"

"हो."

"तुझं?"

"चुकतं गं माणसाकडून."

"दुसऱ्या माणसाकडून चुकतं." तिने पाणी संपवलं, पेला खाली ठेवला. "छोट्या, ती सामानाची खोली आहे. मला त्याच दिवशी कळलं."

मुलाने मोबाइल खिशात टाकला.

"मी दिवसभर शर्ट तपासते रे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता; कारखान्यात ती याच आवाजात बोलत असणार. "खिसा कुठला आणि ठिगळ कुठलं, हे मला डोळे मिटूनही कळतं."

"मग ताई, ही कॉट..." बायकोच्या तोंडून निघालं.

"हवी होती म्हणून घेतली. गुडघे धरतात आता खाली बसून उठताना, आणि सांगायचं कोणाला?" मग ती भावाकडे वळली. "आणि म्हटलं, कॉट बघून तरी हा बोलेल. खिडकीचं विचारलं, दाराचं विचारलं. दर वेळी वाटायचं, आता सांगेल. ताई, विसरलो गं, एवढंच. खाणार होते का मी तुला? तर तू आज काय सांगतोस, माप चुकलं. आपल्या मापालासुद्धा बट्टा लावायला तयार झालास, पण मला सांगणं जमलं नाही."

त्याने मान खाली घातली होती. फरशीच्या चौकटी दिसत होत्या आणि सवयीने डोळे त्या मोजत होते, त्याचीही त्याला लाज वाटली.

"विसरलो, ताई," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो वाट बघतोय. असं काही झालं की ती नेहमी म्हणायची, राहू दे रे, त्यात काय. त्याने तिचं पेन हरवलं तेव्हा म्हणाली होती, तिच्या आजारपणात दवाखान्यात जायला विसरला तेव्हा म्हणाली होती. आत्ताही ती म्हणेल आणि सगळे सुटतील, म्हणून तो कान देऊन उभा होता. हे कळलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तसं काही म्हणाली नाही.

"आत्या, माझ्या खोलीत ये तू," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी दिवा बंद करीन."

"ताई, तुम्ही आमची खोली घ्या," बायको म्हणाली, आणि आता ती खरंच म्हणत होती. "आम्ही बघू आमचं."

"हो, आमची घे," तोही म्हणाला.

"थांबा जरा. कोणाच्या अंगावरचं काढून नको मला." ताईने हात वर केला. "नकाशा आण."

त्याने नळीतून कागद काढला, टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर कप ठेवले. ती चष्मा लावून वाकली. बराच वेळ तिचं बोट रेघांवरून फिरत होतं, शिवण तपासावी तसं, कुठे न थांबता. मग एका जागी थांबलं.

"हा हॉल ना?"

"हो."

"खिडकी खरी आहे? की वर आहे?"

मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला.

"खरी आहे," तो म्हणाला. "रस्त्याच्या बाजूला. मोठी."

"स्वयंपाकघरात चार खुर्च्या मावतील?"

"मावतील. पण ताई, हॉल म्हणजे... आल्या-गेल्या माणसाला बसायला..."

"येतं कोण आपल्याकडे?" ती म्हणाली. "आलेच तर स्वयंपाकघरात बसतील." तिने चष्मा काढला, पुसला, घडी करून ठेवला. "हॉल मी घेते. उद्या खोदाईवाले यायच्या आत त्याला भिंत घाल आणि दार दे. कडी आतून."